मी नव्हतो तिथलं शून्य

ऑक्टोबरमधल्या एका सकाळी मी वाईला होतो आणि कात्रजला शून्य मिलिमीटर पाऊस झाला असं लिहून पाठवलं. मे महिन्यातल्या ज्या तीन दिवसांबद्दल मी लिहायला बसलो आहे, त्यांची सुरुवात तिथे आहे. पुढे स्कूटर आहे, तीन घरं आहेत, विजा आहेत, थालीपीठ आणि दालचा-भात आहे. पण हे आधी कबूल केल्याशिवाय बाकीचं सांगायला लागलो, तर तीही एक खोटी नोंदच होईल.

ज्यांना हा उद्योग माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. पुण्यात पाऊस गल्ली बघून पडतो. एका पेठेत छत्री उलटी होते आणि पलीकडच्या पेठेत लोक उन्हाने वैतागलेले असतात. वरून पाहणाऱ्या यंत्रांना ढग दिसतो, पण कुणाच्या अंगणात किती पडलं ते कळत नाही. म्हणून एका संशोधन गटाने आमच्यासारख्या हौशी माणसांना खुणा केलेली पारदर्शक नळी दिली आहे. रोज सकाळी साडेआठला ती पाहायची आणि मोबाइलवरच्या अ‍ॅपमध्ये आकडा भरायचा. मधेच जोराचा पाऊस झाला तर तेव्हाही नोंद पाठवता येते. पाऊस झाला नसेल तर शून्य. आपण घरी नसलो, पाहिलंच नाही, तर त्यासाठी वेगळं बटण आहे: ‘आज पाहिलं नाही’. आकडा किंवा शून्य भरलं की त्या दिवसावर हिरवा ठिपका येतो. पाहिलं नाही म्हटलं की राखाडी.

मी या कामात आलो तो भीतीपोटी. आमचं घर कात्रजला ओढ्याकाठच्या सोसायटीत, तळमजल्यावर. काही वर्षांपूर्वी एका पावसात ओढा कुंपणाची भिंत पाडून आत आला होता. मी आणि सुनंदा, माझी बायको, स्वयंपाकघराच्या ओट्यावर उभे होतो आणि गॅसची टाकी आमच्या पायांपाशी तरंगत होती. तेव्हापासून पावसाचा आवाज आला की मी ओढ्याकडे बघायला धावतो. नळीतला आकडा वाचला की जरा निवांत वाटतं.

पण हिरव्या ठिपक्यांची मला चटक लागली. एकही राखाडी नाही, अशी माझी रांग होती. वाईला भाचीचा साखरपुडा होता. दुसऱ्या दिवशी सकाळी कृष्णेच्या घाटावर उभा राहून वर पाहिलं, आभाळ निळं होतं. शेजाऱ्याला फोन करून नळी बघायला सांगता आलं असतं. मी शून्य दाबलं आणि पोहे खायला गेलो. आणि हे एकदाच नाही. दीड वर्षात असं अकरा वेळा केलं.

एप्रिलच्या शेवटी गटाचं काम पाहणाऱ्या मृणालने मला बोलावलं. ती तिशीतली संशोधक, भरभर बोलणारी. पावसाळ्याआधी काही नळ्या तपासायच्या होत्या.

“केतकर काका, तुमचा डेटा एकदम क्लीन आहे. एक ग्रे डॉट नाही. तपासायला तुम्हीच जा.”

तिने तीन नावांची यादी दिली. खडकी, येरवडा आणि कात्रज. तिसऱ्या नावापुढे लिहिलं होतं: ‘रफीक मास्टर, डोंगराकडचा उतार. ऑक्टोबरमध्ये ८३ मिलिमीटर. जवळच्या केंद्रावर शून्य. नोंद संशयास्पद. त्यानंतर नोंदी बंद.’ खाली तारीख होती. साखरपुड्याच्या दुसऱ्या दिवसाची सकाळ.

मी विचारलं, “जवळचं केंद्र चुकलं असेल तर?”

मृणाल हसली. “काका, जवळचं केंद्र तुम्हीच आहात.”

मीही हसलो. ते हसणं मला अजून ऐकू येतं.

*खडकी, शुक्रवार*

रफीक मास्टरांचं घर माझ्या घरापासून चालत वीस मिनिटांवर. तरी मी ते शेवटी ठेवलं. “लांबचं आधी उरकतो,” असं सुनंदाला सांगितलं. पिशवीत पाण्याची मोजलेली बाटली, पातळी बघायची बुडबुड्याची पट्टी, टेप आणि तपासणीचे कागद घेऊन खडकीला गेलो.

कात्रजहून खडकीत आलेल्या माणसाला पहिल्यांदा शांतता जाणवते. रुंद रस्ते, चुन्याने रंगवलेले झाडांचे बुंधे, ओळीने बैठी क्वार्टर्स आणि प्रत्येकापुढे हातभर अंगण. ठुबे काकू मुलाला मिळालेल्या क्वार्टरमध्ये राहतात. सत्तरीच्या आहेत. नळी अंगणातल्या खांबावर होती आणि मोगऱ्याचा वेल तिच्या तोंडापर्यंत चढला होता.

“हा काढायला लागेल, काकू. पानांवरचं पाणी आत ठिबकतं.”

“तरीच! परवा कोरड्या दिवशी दोन मिलिमीटर कसे आले म्हटलं. मी वेलाला पाणी घालते ना संध्याकाळी.” त्या स्वतःच हसल्या आणि लगेच गंभीर झाल्या. “काढून टाकणार का मला?”

“वेलासाठी? छे.”

“वेलासाठी नाही हो. ते बघा की.” त्यांनी मोबाइल पुढे केला. ऐन जुलैत सलग तेवीस राखाडी ठिपके. “ह्यांना दवाखान्यात ठेवलं होतं. मी तिथेच. सून म्हणाली, आई, शून्य टाकून द्या रोज, कोण बघतंय. म्हटलं, अगं, पडला असेल तर? मी इथे नव्हतेच तर शून्य कुठल्या तोंडाने लिहू?”

मी मान खाली घालून पट्टीतला बुडबुडा पाहत राहिलो. तो मधोमध होता, तरी पट्टी दोनदा उचलून पुन्हा ठेवली.

त्यांनी थालीपीठ आणि लोणी दिलं. बाजूच्या क्वार्टरमधली एक बाई न विचारता आत येऊन दह्याची वाटी ठेवून गेली. काकू म्हणाल्या, त्या तेवीस दिवसांत घरी चूल पेटली नाही, ओळीतल्या घरांनी डबे वाटून घेतले होते. आमच्या सोसायटीत वरच्या मजल्यावरचे गृहस्थ दवाखान्यात होते हे मला ते घरी परतल्यावर लिफ्टपाशी लावलेल्या चिठ्ठीवरून कळलं होतं.

थालीपीठ खरपूस होतं. निम्मं टाकलं. “चव आवडली नाही वाटतं,” काकू म्हणाल्या. मी पित्ताचं कारण सांगितलं. आणखी एक खोटी नोंद.

*येरवडा, शनिवार*

कांबळे रिक्षा चालवतात. तिसऱ्या मजल्यावर एक खोली आणि वर गच्ची. गच्चीवरून तुरुंगाची लांबच लांब दगडी भिंत दिसते. ती पाहून मला उगाच घाम फुटला. मी काय केलं होतं? एक शून्य दाबलं होतं. तरी माझी नजर पुन्हा पुन्हा तिकडेच जात होती.

कांबळ्यांच्या नोंदींबद्दल मृणालला वेगळी शंका होती. सगळे आकडे पाचाच्या पाढ्यातले: पाच, दहा, पंचवीस, चाळीस.

“पाऊस काय मोजून पाच-पाच पडतो का, कांबळे?”

“नाही हो साहेब!” ते मोकळे हसले. “चष्मा रिक्षात असतो. रिक्षा खाली, मी वर. जाड रेघा दिसतात, बारीक नाही दिसत. मग जवळची जाड रेघ टाकतो. चूकच आहे. लिहा तुम्ही, कांबळे आंधळा आहे म्हणून.”

किती सहज म्हणाले. मला तीन आठवडे ज्याने झोप नव्हती ते या माणसाने दोन वाक्यांत उरकलं.

तोवर लोहगावच्या बाजूने आभाळ काळं झालं होतं. मे महिन्यात दुपारनंतर असे ढग उभे राहतात, कधी नुसती धूळ उडवून जातात. मी खाली बसून नळीची पातळी पाहत होतो. गच्चीवर पुढच्या मजल्यासाठी सोडलेल्या खांबांच्या लोखंडी सळया भोवताली उभ्या होत्या. अंगावरचे केस उभे राहिले असं वाटलं, आणि डोळ्यांपुढे सगळं पांढरं झालं. आवाज त्याच क्षणी आला, कानात नाही, छातीत. पट्टी हातातून उडाली. मी पाण्याच्या टाकीखाली रांगत चाललो होतो. कांबळ्यांनी शर्टाची कॉलर धरून मला जिन्यात ओढलं.

“टाकीखाली नका हो जाऊ! पाइप लोखंडाचा आहे.”

जिन्याच्या पायरीवर मी बराच वेळ बसून होतो. कांबळ्यांच्या बायकोने गुळाचा चहा आणून दिला. समोरच्या इमारतीवर वीज पडली होती, तिथल्या टाकीचं झाकण खाली गल्लीत पडलं होतं. माणसाला काही झालं नव्हतं.

“एवढे घाबरता,” कांबळे म्हणाले, “मग पावसाचं काम कशाला घेतलं?”

“घाबरतो म्हणूनच घेतलं.”

“हां. माझी बायको पण भुताला घाबरते आणि भुताचेच पिक्चर बघते.” आतून तिने काहीतरी सुनावलं, त्यांनी ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

विजा लांब गेल्यावर त्यांनी माझा चष्मा मागून घेतला, वर गेले आणि ओरडले, “साडेसात! साहेब, साडेसात!” त्यांची पाचाच्या पाढ्याबाहेरची पहिली नोंद. मग अ‍ॅपवर त्यांनी वीज आणि गल्लीत घोट्यापर्यंत पाणी असंही टाकलं.

मी माझ्या मोबाइलवर शहराचा नकाशा उघडला. दक्षिणेला आमच्या ओढ्याकाठी माझं हिरवं केंद्र होतं. त्याच्या वर, ओढा जिथे डोंगरातून उतरतो तो अख्खा उतार रिकामा होता. तिथे पाहणारा एकच माणूस होता आणि त्याने सात महिन्यांपूर्वी पाहिलेलं पाठवणं सोडलं होतं. ओढा आमच्याकडे येतो तो तिथूनच. इतके दिवस मी फक्त पकडलं जाण्याला घाबरत होतो. आता दुसरीही भीती येऊन बसली.

*कात्रज, रविवार*

दुपारी दोनला निघालो. वीस मिनिटांच्या रस्त्याला तास लागला. प्राणिसंग्रहालयाच्या फाटकापाशी सुट्टीची गर्दी होती, त्या गर्दीचं निमित्त करून दोनदा स्कूटर मागे वळवली. तिसऱ्यांदा डेअरीपाशी थांबून ताक प्यालो. मग दुसरं काही निमित्त उरलं नाही.

उतारावरच्या वस्तीत अर्धं शटर उघडलेलं शिंप्याचं दुकान, मागे घर. रफीक मास्टर पासष्टीचे, सडपातळ, गळ्यात मापाची टेप. घराणं चार पिढ्या पुण्यात, आधी पेठेत, मग रस्ता रुंद झाला तेव्हा इकडे.

“नळी तपासायला आलोय. मी केतकर.”

“या. सात महिन्यांनी का होईना, आलात.” त्यांनी मला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं. “शर्ट खांद्यात सैल शिवलाय तुमचा. कुणी शिवला?”

“तयार घेतला.”

“तरीच.”

नळी मागच्या अंगणात, मोकळ्या जागेत, ओळंब्यात बसवलेल्या खांबावर होती. तोंडाला जाळी, जाळीला बारीक टीप घातलेली कड. मोजलेलं पाणी ओतलं. एका बारीक रेघेचाही फरक नाही. नळी रिकामी करून पुन्हा बसवली, पट्टीतला बुडबुडा मधोमध जाऊन थांबला. मी कागदावर ‘योग्य’ लिहून सही केली आणि मोबाइलवरून तपासणी पाठवली. म्हणजे मास्टरांच्या केंद्रावरचा ‘संशयास्पद’ शेरा उठला, त्यांच्या नोंदी पुन्हा धरल्या जाणार. त्यांनी कागद हातात घेऊन वाचला.

“योग्य. बरं झालं. मलाच शंका यायला लागली होती.”

त्यांनी दुकानातून मापांची वही आणली. गिऱ्हाइकांची नावं, छाती, कंबर, बाही. शेवटच्या पानांवर एक गिऱ्हाईक होतं, ‘आभाळ’. रोजची तारीख आणि माप. ऑक्टोबरनंतरही एक दिवस सुटला नव्हता. फक्त पाठवणं बंद होतं.

“फोन आला होता एका पोराचा तुमच्याकडून,” ते म्हणाले. “म्हणाला, काका, घरातल्या कुणी नळीत पाणी ओतलं का? म्हटलं, बाळ, त्या संध्याकाळी माझ्या दुकानात गुडघाभर पाणी होतं, एका नवरदेवाची शेरवानी वाहत्या पाण्यातून उचलली मी. तर म्हणतो, पण खाली एक किलोमीटरवर शून्य आहे, आणि ते ऑब्झर्व्हर फार रेग्युलर आहेत.” त्यांनी वही मिटली. “चाळीस वर्षं माप घेतोय साहेब. कुणाची बाही आखूड झाली तर उसवून पुन्हा शिवून दिली. पण मी पाणी ओतून माप वाढवतो, असं कुणी म्हटलं नव्हतं.”

तेव्हा बोलायला हवं होतं. तोंड उघडलंही. आतून मास्टरांच्या बायकोने, हमीदाबींनी, जेवायला हाक मारली आणि मी ते निमित्त घेतलं.

दालचा-भात होता, दुधी घातलेला. “मटण नाहीये, घाबरू नका,” मास्टर म्हणाले. “आमच्याकडे असतं नेहमी. पण केतकर येणार असा निरोप आल्यावर हिने दुधीवर भागवलं.” माझ्यासाठी त्यांनी स्वतःच्या रविवारच्या जेवणातलं मटण वगळलं होतं. चिंचेचा आंबटपणा आणि डाळीचा दाटपणा आमच्या आमटीहून वेगळा, जास्त खोल. चांगलं लागत होतं, हेच सहन होत नव्हतं.

साडेचारला भिंतीवरचं ऊन एकदम विझलं. हमीदाबी वाळत घातलेले कपडे काढायला धावल्या. डोंगरावर काळा पडदा उतरला होता. पहिल्या थेंबांबरोबर गारा आल्या, पत्र्यावर कुणी खडी ओतावी तसा आवाज. पंधरा मिनिटांत समोरची घळ, जिच्यात शेळ्या चरत होत्या, तांबड्या पाण्याने भरून वाहायला लागली. ती घळ खाली ओढ्याला मिळते. ओढा माझ्या घरामागून जातो.

सुनंदाला फोन लावला. चौथ्यांदा लागला.

“अगं, सगळ्यांना सांग, गाड्या काढा, वर जा. ओढ्याला पाणी येतंय!”

“अहो, इथे लख्ख ऊन आहे. एक थेंब नाही. भिंतीपाशी पोरं क्रिकेट खेळतायत. मी सांगितलं तर लोक हसतील. तुम्ही गेल्या महिन्यात पण असंच...” फोन तुटला. पुन्हा लागला नाही.

तिची काय चूक? असा घाबरून मी अनेकदा फोन केला होता. आणि खाली खरंच ऊन होतं. ऑक्टोबरच्या त्या दिवशीही असंच झालं असणार. वरती ढग फुटला आणि खाली कोरडं; ओढा काठातच राहून रात्रीत ओसरला असेल.

उपाय एकच होता. यंदापासून, उतारावरच्या केंद्राने थोड्या वेळात मोठा पाऊस नोंदवला, तर ओढ्याकाठच्या सगळ्या स्वयंसेवकांच्या फोनवर कर्कश सूचना वाजते. तीन-चार जण तिथे आहेत, ते दारोदार सांगतात. पण नोंद त्या केंद्राच्याच फोनवरून जाते. माझ्या नाही.

“मास्टर, नोंद पाठवा. आत्ता. लगेच.”

ते खिडकीतून गारा पाहत होते. “मी पाठवत नाही आता. तुम्हाला माहितीये.”

“खाली लोक आहेत.”

“तेव्हाही होते. तेव्हा मी आधी पाठवलं होतं. मग सकाळी मलाच खोटं ठरवलं. आज पाठवलं आणि खालचे रेग्युलर साहेब उद्या पुन्हा शून्य म्हणाले, तर? पुन्हा तो पोरगा विचारणार, पाणी कोणी ओतलं.” त्यांचा आवाज चढला नव्हता. “माझं वय आहे का हे ऐकायचं?”

घळीतून एक ड्रम आपटत गेला. माझ्या डोळ्यांपुढे ओट्यावर उभी सुनंदा होती.

“ते शून्य मी लिहिलं,” मी म्हणालो. “खालचं केंद्र माझं आहे. मी त्या दिवशी इथे नव्हतोच. वाईला होतो. पाहिलं नव्हतं. तरी शून्य लिहिलं.”

पत्र्यावरचा आवाज इतका होता की ऐकू गेलं का नाही ते कळेना. मग मास्टर वळले. त्यांनी गळ्यातली टेप काढली, सावकाश गुंडाळली आणि टेबलावर ठेवली.

“आणि हे आत्ता सांगताय. पाणी तुमच्या दाराकडे निघाल्यावर.”

त्यांनी आतल्या ताटांकडे हात केला.

“दोन तास होत आले तुम्ही माझ्या घरात बसलाय. जेवलात.”

“हो.”

हमीदाबी दारात उभ्या होत्या. त्या फक्त एवढंच म्हणाल्या, “अहो, खाली लेकरं असतील.”

मास्टरांनी शिलाई मशीनवरचं मेणकापड डोक्यावर घेतलं. वीज चमकली, आम्ही तिघेही दचकलो, आणि आवाज यायच्या आत ते अंगणात गेले होते. मी दाराची चौकट धरून उभा होतो. कालची येरवड्याची सगळी भीती पायांत परत आली, पाऊल पुढे पडेना. मास्टर खांबापाशी वाकले. डोळा नळीच्या बरोबर रेषेत आणला. गारा त्यांच्या पाठीवर आपटत होत्या आणि ते दोन-तीन श्वास तसेच थांबले. अशा वेळी मी जवळची जाड रेघ वाचून पळालो असतो.

“एक्केचाळीस,” आत येऊन म्हणाले. “बेचाळीसला एक रेघ कमी.” केसांतून पाणी गळत होतं, कानामागे गारेने खरचटून रक्त आलं होतं. ओल्या बोटाने मोबाइल उघडेना, हमीदाबींनी पदराने त्यांचं बोट पुसलं. मग नोंद गेली. गोल फिरणारी खूण किती वेळ फिरत होती, देव जाणे. अखेर माझ्या खिशातला फोन किंचाळला.

मास्टर माझ्याकडे न पाहता म्हणाले, “ओढ्याकाठी तुम्ही एकटेच राहत नाही, म्हणून गेलो.”

पाऊस ओसरल्यावर मी उतरलो. रस्ताभर दगड आणि चिखल होता, स्कूटर ढकलत नेली. सोसायटीच्या फाटकात सुनंदा दिसली तेव्हा मी तिथेच खाली बसलो. सूचना वाजल्यावर शेजारच्या इमारतीतल्या स्वयंसेवक मुलीने सगळ्यांना हाका मारल्या होत्या. क्रिकेट थांबलं, गाड्या चढावर नेल्या, तळमजल्यावरच्या एका आजींना खुर्चीसकट वर उचललं. पाणी आलं, भिंतीजवळचा कट्टा बुडाला, आमच्या दुसऱ्या पायरीपर्यंत चढलं आणि थांबलं. मुलांची खेळपट्टी हातभर गाळाखाली होती.

“कोण हो हे वरचे मास्टर?” सुनंदाने विचारलं. “सगळे विचारतायत.”

मी तिला पायरीवर बसूनच सगळं सांगितलं. तिने पायरीवरचा गाळ पायाने बाजूला सारला. मग म्हणाली, “त्यांना सांगितलंत का?”

“सांगितलं.”

“घाबरून सांगितलंत. माफी मागितलीत का?”

नव्हती मागितली.

सोमवारी मृणालकडे गेलो. अकरा तारखा कागदावर लिहून नेल्या होत्या. तिने ऐकून घेतलं, हसली नाही. एकेक तारीख उघडून तिने हिरव्याचा राखाडी केला. “काका, पाणी कोणी ओतलं का, हे विचारायला मीच सांगितलं होतं त्या मुलाला,” ती म्हणाली. “तुमच्या भरवशावर.” बाकीच्या दहा शून्यांनी कुणाकुणाला खोटं पाडलं ते तिला तपासावं लागेल. मला ते अजून कळलेलं नाही, आणि त्याची धास्ती रोज सकाळी साडेआठला येते.

मग मंगळवारी चालत उतार चढलो. मास्टर दुकानात गाळ खरवडत होते, कानामागे पट्टी होती. मी काही बोलायच्या आत त्यांनी हात वर केला.

“तोंडी नको. तोंडी तुम्ही परवा बोललात.”

त्यांनी मापांची वही काढली, ‘आभाळ’चं पान उघडलं आणि ऑक्टोबरमधल्या त्या ओळीवर बोट ठेवलं. ८३. शेजारी कंबर आणि बाहीच्या रकान्यांची जागा कोरी होती. कपड्यावर खूण करायची पेन्सिल त्यांनी बाजूला सारली आणि शाईचं पेन दिलं.

“हिच्यात लिहा. बारीक अक्षरात बसेल.”

मी काउंटरपाशी उभ्यानेच लिहिलं. बारीक, पण वाचता येईल असं लिहिलं:

‘या दिवशी खालच्या केंद्रावर शून्य लिहिलं ते मी. मी तिथे नव्हतो, मी पाहिलं नव्हतं. मास्टरांचं माप बरोबर होतं आणि त्यांना खोटं ठरवलं गेलं ते माझ्यामुळे. कळल्यावरही मी गप्प राहिलो, आणि बोललो तेव्हा स्वतःच्या घरासाठी बोललो. रफीक मास्टर, माझी चूक झाली. मला माफ करा.’